समरी सूटमध्ये खटला चालण्याआधीच निकाल लागू नये म्हणून नेमका कुठला पुरावा लागतो?

शहापूरकर_भाचा
नमस्कार मंडळी. मामांचे शहापुरात साडीचे चार माग आहेत. इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याने त्यांच्यावर बेळगावच्या कोर्टात ६ लाख ४० हजारांचा दावा लावलाय. साधा नाही, समरी सूट, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा झटपट दावा, ज्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय बचावच करता येत नाही. आधार म्हणजे बिलं आणि एक वचनचिठ्ठी. वकिलांनी हजेरी घातली होती, आता दुसरं समन्स आलंय : दहा दिवसांत बचावाची परवानगी मागा, नाहीतर वादीच्या बाजूने हुकूमनामा.

मामांचं म्हणणं असं. एक लॉट खराब निघाला, व्यापारी परत नेतो म्हणाला, नेला नाही. दीड लाख रोख दिले, पावती नाही. आणि वचनचिठ्ठी कोरी होती, "तारण म्हणून असू दे" म्हणून सही घेतली. वकील म्हणतात कागद आणा. मामा म्हणतात, आपण तोंडावर व्यवहार करणारी माणसं, कसले कागद? मला एवढंच समजून घ्यायचंय की या टप्प्यावर सगळं सिद्ध करावं लागतं का? आणि नसेल, तर किती पुरतं?

कुंदा_अर्धा_किलो
मामांना सांगा, घाबरू नका. आपल्याकडचा सगळ्यात मोठा दावा, सीमाप्रश्नाचा, महाराष्ट्राने २००४ साली सुप्रीम कोर्टात लावलाय, अजून चाललाय. तो समरी नव्हता ही आपलीच चूक. 😄

काळाकोट_टिळकवाडी
कुंदा, तुमचा विनोद फाईलवर घेतला. आता कामाचं.

भाचेसाहेब, आत्ता सिद्ध काही करायचं नाही. बचाव खरा आहे आणि तो तपासायला साक्षीपुरावा लागेल, एवढं प्रतिज्ञापत्रातून दाखवायचं. ऑर्डर ३७ च्या नियम ३ मध्ये लिहिलंय की बचावात दम नाही, किंवा तो निव्वळ पोकळ आणि त्रास देण्यासाठी आहे, असं कोर्टाला वाटल्याशिवाय परवानगी नाकारू नये. १९७६ च्या मेकॅलेक इंजिनिअर्स निकालात याच्या पायऱ्या सांगितल्या, २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊनमध्ये त्या नव्याने मांडल्या, आणि २०२२ मध्ये बी. एल. कश्यप प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की परवानगी देणं हा नेहमीचा रिवाज आहे, नाकारणं हा अपवाद.

यावरून लोक समजतात की काहीही लिहिलं तरी चालतं. तिथेच दावा हातचा जातो. परवानगी मिळते, पण कशी मिळते ते बचावाच्या वजनावर. बचाव भक्कम असेल किंवा तपासण्याजोगा खरा मुद्दा असेल तर साधारणपणे विनाअट. मुद्दा आहे पण प्रतिवादीच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका आहे, तर कोर्ट अट घालतं, पैसे भरायलाही लावू शकतं. बचाव शक्यतेतला पण पटण्यासारखा नाही, तर मुद्दल व्याजासकट भरा असाही आदेश होऊ शकतो. चार माग चालवणाऱ्याला साडेसहा लाख आधी भरा म्हणणं आणि नाही म्हणणं यात फरक तो काय!

सडेतोड
एवढं पुराण कशाला? सही माझी नाही म्हणून ठोकून द्यायचं. हस्ताक्षरतज्ज्ञ येईपर्यंत दोन वर्षं जातात. वादी कंटाळून तडजोडीला येतो.

अनगोळची_आक्का
नको ओ, असले सल्ले देऊ नका. मी कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त झाले. प्रतिज्ञापत्र शपथेवर असतं. मामांची वकालतनाम्यावरची सही, बँकेच्या चेकवरची सही आणि चिठ्ठीवरची सही, जज्जसाहेब तिन्ही समोरासमोर ठेवून बघतात. आणि एकीकडे "सही माझी नाही", दुसरीकडे "सही कोऱ्यावर घेतली", हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडात कसं बसेल? एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही बुडतं. खोट्या शपथेचं प्रकरण मागे लागलं तर ते वेगळंच.

वसुली_खाते
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. एका पतसंस्थेत वसुली बघतो, तेव्हा शिव्या खायची सवय आहे.

"कोऱ्या कागदावर सही घेतली" हे आम्ही रोज ऐकतो. नुसतं एवढंच असेल तर ते फारसं चालत नाही. परक्राम्य संलेख कायदा (चेक, वचनचिठ्ठ्यांचा) १८८१ चा आहे, त्यात कलम २० प्रमाणे तिकीट लावलेला अपुरा दस्त सही करून दिला की तो भरायचा अधिकारही दिल्यासारखाच होतो. कलम ११८ प्रमाणे मोबदला दिला असंच गृहीत धरतात. २०१९ च्या बीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने चेकच्या बाबतीतही सांगितलंय की मजकूर दुसऱ्याने भरला म्हणून सही करणारा सुटत नाही. गृहीतक उलटवता येतं, पण त्याला काहीतरी ठोस लागतं.

मी वादीकडून बघत असतो तर पहिलं एक विचारलं असतं. ३१ मार्चला बाकी कबुलीपत्र आलं होतं का, आणि मामांनी त्यावर सही करून पाठवलं का? तो एक कागद असेल तर खराब लॉटची गोष्ट त्या तारखेनंतरची तरी असायला हवी. नाहीतर वकील विचारणार, लॉट खराब होता तर मार्चमध्ये पूर्ण बाकी कबूल कशी केली?

शहापूरकर_भाचा
@वसुली_खाते, विचारलं. मामा म्हणतात असं एक पत्र आलं होतं, सही केली नाही, तसंच कपाटात आहे. लिफाफ्यासकट.

काळाकोट_टिळकवाडी
लिफाफा फाडू नका, टाकू नका. पोस्टाचा शिक्का वाचता येतोय ना बघा.

तंबाखूपेठ_निपाणी
आमच्याकडे असंच झालं होतं, वडिलांच्या वेळी. तंबाखूच्या मालाचे पैसे म्हणून एका व्यापाऱ्याने समरी लावला. आमचं म्हणणं होतं की माल ओला होता, वजनात तूट ठरली होती. पहिल्या वकिलांनी वीस-बावीस पानी प्रतिज्ञापत्र केलं. दावा खोटा आहे, दुष्ट हेतूने आहे, कायद्यात बसत नाही, मान्य नाही, मान्य नाही. वाचून आम्हालाच झोप आली.

मग धाकट्या काकांनी गोडाऊनमधली काट्याची पावती शोधून काढली. गाडी नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, तारीख, वेळ. बिलातलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळत नव्हतं, आणि पावतीच्या पाठीवर व्यापाऱ्याच्याच माणसाने पेन्सिलीने "ओल वजा" लिहून आकडा टाकला होता. नव्या वकिलांनी प्रतिज्ञापत्र चार पानांवर आणलं आणि ती पावती जोडली. विनाअट परवानगी मिळाली. पुढे ते प्रकरण तडजोडीत मिटलं.

एक सांगतो. त्या काट्याच्या पावत्या चकचकीत कागदावर असतात, ऊन आणि गरमी लागली की अक्षरं उडतात. आधी झेरॉक्स काढा, फोटो काढा, मूळ पावती पुस्तकात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ठेवलेल्या आमच्या दोन पावत्या कोऱ्या पडल्या होत्या.

वडगाव_ते_न्यूजर्सी
इथे अमेरिकेत हेच थोड्या वेगळ्या तऱ्हेने चालतं म्हणून लिहितो. मी वकील नाही, पण ऑफिसात कंत्राटांच्या भांडणांची कागदपत्रं जुळवायचं काम करतो. फेडरल कोर्टात दिवाणी प्रक्रियेचा नियम ५६ आहे. ज्याने निकालावर फरक पडेल अशा एखाद्या वस्तुस्थितीबद्दल खरा वाद नसेल, तर ज्यूरीपुढे न जाता जज्ज निकाल देतो. हे थोपवायचं तर नुसत्या कैफियतीवर भागत नाही. कागद, शपथेवरच्या जबान्या, प्रतिज्ञापत्रं दाखवावी लागतात, आणि प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला ते स्वतः माहीत असायला हवं, ऐकीव चालत नाही. १९८६ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने एकाच वर्षात तीन निकाल दिले, सेलोटेक्स त्यातला सगळ्यात गाजलेला, तेव्हापासून हे हत्यार जास्त धारदार झालं.

एक सोय मात्र चांगली आहे. पुरावा समोरच्याच्या ताब्यात असेल, तर तसं शपथेवर कारणासहित सांगून वेळ मागता येते. तिकडे असं आहे का?

काळाकोट_टिळकवाडी
@वडगाव, छान मुद्दा. तुमच्या नियमाचं इकडचं जवळचं भावंड ऑर्डर ३७ नव्हे, ऑर्डर १३-अ. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने आलं. समन्स बजावल्यानंतर आणि कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्याआधी कुठलाही पक्षकार अर्ज करू शकतो की समोरच्याला जिंकायची खरी शक्यताच नाही, निकाल देऊन टाका. उत्तराला तीस दिवस. उत्तरात नेमक्या घटना, त्यांचे कागद, आणि तोंडी पुराव्याशिवाय निकाल का देऊ नये याची कारणं द्यावी लागतात. ऑर्डर ३७ मध्ये लावलेल्या दाव्यात मात्र १३-अ वापरता येत नाही.

समोरच्याच्या ताब्यातल्या कागदांबद्दल : ऑर्डर ३७ मध्ये तुमच्यासारखी वेगळी सोय लिहिलेली नाही. पण प्रतिज्ञापत्रात तो कागद कुठला, कुणाकडे, त्यातून काय निघेल हे लिहिलं, तर तोच तपासण्याजोगा मुद्दा होतो. मामांच्या बाबतीत व्यापाऱ्याचं मामांच्या नावचं खातं, आणि त्याने सूतगिरणीकडे त्या लॉटबद्दल केलेली तक्रार.

आणि भाचेसाहेब, आता महत्त्वाचं. सूत विक्री, दोन व्यापाऱ्यांतली, रक्कम तीन लाखांच्या वर. हा व्यावसायिक वाद आहे असं म्हणता येईल. २०१८ पासून ती मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली. असं असेल तर तातडीचा अंतरिम हुकूम मागितलेला नसताना, दावा लावण्याआधी मध्यस्थीला जायलाच हवं होतं, कलम १२-अ. २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने ते सक्तीचं असल्याचं सांगितलं, २० ऑगस्ट २०२२ पासूनच्या दाव्यांना. तुमच्या दाव्यात झाली होती का मध्यस्थी?

शहापूरकर_भाचा
नाही. कसलंही पत्र आलं नव्हतं. दावा साध्या सीनिअर सिव्हिल जज्जांपुढे आहे. मग दावाच फेटाळला जाईल ना?

सडेतोड
बघा! मी म्हणत होतो ना, तांत्रिक मुद्द्यावरच मारायचं.

काळाकोट_टिळकवाडी
मुद्दा जरूर घ्या, पहिल्याच परिच्छेदात घ्या. पण त्यावर विसंबून बाकीचं प्रतिज्ञापत्र पातळ करू नका. व्यवहार व्यावसायिक नाही असं वादी भांडेल, वचनचिठ्ठीवर जोर देईल. आणि दावा गेला तरी मुदतीत बसत असेल तर मध्यस्थी करून तो पुन्हा लावू शकतो. खराब सूत त्या दिवशीही खराबच असायला लागेल.

खानापूरकर_मास्तर
थोडं विषयांतर. हे समन्स मराठीत का देत नाहीत? आमच्या तालुक्यात निम्म्या लोकांना कन्नड वाचता येत नाही. बेलिफ येतो, सही घेतो, जातो, आणि दहा दिवस संपल्यावर कुणीतरी वाचून दाखवतं.

अनगोळची_आक्का
मास्तर, खालच्या कोर्टाची भाषा राज्य सरकार ठरवतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ प्रमाणे. त्यामुळे कन्नड, आणि वकिलांचं बरंचसं इंग्रजीत. यावर भांडायला दुसरा धागा आहेच की, तिकडे पाचशे प्रतिसाद झालेत. 😀

इथल्यापुरतं एवढंच. मराठीतली डायरी, वही, चिठ्ठी जोडणार असाल तर तिचं भाषांतर लागणार. मूळ पान, झेरॉक्स, खाली भाषांतर, आणि भाषांतर करणाऱ्याचं बरोबर असल्याचं प्रतिज्ञापत्र. शेवटच्या दिवशी भाषांतरकार शोधत फिरणारी माणसं मी किती बघितली म्हणून सांगू. दहा दिवसांतले तीन भाषांतराला धरा. उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून माफी मागता येते, पण ते मागण्यावर राहू नये. एकदा हुकूमनामा झाला की तो उठवायला "विशेष परिस्थिती" दाखवावी लागते, आणि सोबत बचावही दाखवावा लागतो.

शहापूरकर_भाचा
काल रात्री मामांच्या मागावर बसून सगळं धुंडाळलं. सापडलं ते सांगतो.

खराब लॉटचे सात कोन (सुताच्या गुंडाळ्या) पत्र्याच्या पेटीत अजून आहेत. कोनाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद शाबूत आहे, लॉट नंबर आणि काउंट (सुताची जाडी) दिसतो, आणि तोच लॉट नंबर एका बिलावर आहे. मामांच्या मुनीमाची वही आहे, रोज कुठल्या मागावर किती साडी उतरली ती. त्या आठवड्यात दोन मागांपुढे "तार तुटते" असं लिहिलंय, आणि उतरलेल्या साड्या नेहमीच्या निम्म्याही नाहीत. रंगवलेल्या दोन साड्या आहेत ज्यांत आडवे पट्टे उठलेत. आणि व्यापाऱ्याच्या दलालाचा व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप : "कोन बाजूला ठेवा, पुढच्या बिलात वळतं करू." मामांना हा निरोप आठवतही नव्हता!

रोखीचं मात्र काहीच नाही. मामींना पक्कं आठवतं, गणपतीच्या आधी दिले.

तंबाखूपेठ_निपाणी
आता झाला की बचाव! त्या सात कोनांना कुणी हात लावू नका.

काळाकोट_टिळकवाडी
उत्तम. प्रतिज्ञापत्रात हे असंच यायला हवं. "माल निकृष्ट होता" एवढ्यावर थांबायचं नाही. अमुक बिलातला, अमुक लॉटचा, अमुक वजनाचा, अमुक किमतीचा माल, अमुक तारखेला मागावर चढवला, अमुक तारखेला कळवलं. वस्तुविक्री कायदा १९३० चं कलम ५९ म्हणतं की मालाच्या हमीचा भंग झाला तर खरेदीदार किमतीतून तेवढं कमी मागू शकतो. पण कलम ४२ प्रमाणे माल ठेवून घेऊन वाजवी मुदतीत काहीच कळवलं नाही तर तो स्वीकारला असं धरतात. तो आवाजी निरोप याच ठिकाणी वाचवतो. तक्रार पोचली होती हे समोरच्याच्या दलालाच्या तोंडून निघतंय.

मोबाईल विकू नका, बदलू नका, निरोप पुढे पाठवून मूळचा पुसू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाईलचा हॅश आकडा (फाईल बदलली नाही हे पडताळायचा) त्यात घालतात. परवानगीच्या टप्प्यावर निरोपाचा उतारा आणि स्क्रीनचे फोटो जोडले तरी प्रमाणपत्र आत्ताच करून ठेवा.

वचनचिठ्ठीची मूळ प्रत बघायला मागा. रेव्हेन्यू तिकीट आहे का, त्यावर सही कशी गेलीय? वचनचिठ्ठीला योग्य मुद्रांक नसेल तर बाकी दस्तांसारखी दंड भरून ती पुराव्यात आणता येत नाही. दस्तातल्या मजकुराची शाई आणि सहीची शाई वेगळी आहे का तेही बघा, पण वर वसुलीवाल्यांनी सांगितलं ते लक्षात ठेवा, एकट्या शाईवर दावा तरत नाही.

वसुली_खाते
रोखीच्या दीड लाखांबद्दल मी सांगतो, वादीचा वकील काय करेल. तो म्हणेल पावती नाही, तारीख नाही, साक्षीदार घरचीच बायको. एवढ्या एका खोट्या वाटणाऱ्या मुद्द्यामुळे कोर्टाला सगळ्या बचावाबद्दल शंका यावी, हा त्याचा डाव. काढून टाका तो मुद्दा.

अनगोळची_आक्का
खरं असेल तर का काढायचा ओ? बायकोची साक्ष म्हणजे साक्ष नाही की काय? गणपतीच्या आधी बँकेतून काढले का, भिशी लागली होती का, सोनं ठेवलं होतं का, कुठून तरी आले असतील ना दीड लाख? खातेउतारा काढून बघा.

काळाकोट_टिळकवाडी
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. पैसे काढल्याची नोंद सापडली तर मुद्दा घ्या, तारखेसह. नाही सापडली तर एका वाक्यात लिहा, जोर खराब लॉटवर ठेवा. आणि सीएला आधी विचारा. मालाच्या खरेदीपोटी एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरत नाहीत. शपथेवर लिहिलेलं सगळीकडे वाचलं जातं.

शहापूरकर_भाचा
मामींची भिशी! त्याच महिन्यात लागली होती. भिशीच्या वहीत नाव आणि रक्कम आहे, एक लाख. बघू.

अजून एक शंका. हिशेब केला तर खराब लॉट १ लाख ८५ हजारांचा, रोख दीड लाख. म्हणजे ३ लाख ५ हजार मामा खरंच देणं लागतात. हे लिहायचं का? मामा म्हणतात कबूल केलं की फास लागला.

सडेतोड
अजिबात लिहू नका.

काळाकोट_टिळकवाडी
नियम असा की दाव्यातला जो भाग देणं आहे म्हणून तुम्ही कबूल करता, तो कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. म्हणजे मामांना ३ लाख ५ हजारांची सोय करावी लागेल. फास वाटतो खरा. पण बिलं मामांच्या सहीची आहेत, बाकीचा माल विणून विकलाय. सगळंच नाकारलं तर कोर्टाला वाटेल हा माणूस काहीही बोलतो, आणि मग ६ लाख ४० हजार भरायची अट येते, किंवा परवानगीच जाते. खरी बाकी कबूल करणाऱ्याच्या उरलेल्या ३ लाख ३५ हजारांच्या वादाकडे जज्ज वेगळ्या नजरेने बघतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. व्याजाचा दर बिलावर छापलाय का, मामांनी तो कधी मान्य केला का, तोही स्वतंत्र वाद आहे.

पैसे एकदम जमत नसतील तर वकिलांकरवी मुदत मागा, आणि त्याच दिवशी मध्यस्थीची तयारी दाखवा. दलालाला साक्षीला यायची इच्छा नसेल, तर तडजोडीची त्यालाच जास्त घाई असेल.

कुंदा_अर्धा_किलो
दलालाला कुंदा द्या. हे मी वकिली फी न घेता सांगतोय.

खानापूरकर_मास्तर
कुंद्याची पावती घ्या म्हणजे झालं.

तंबाखूपेठ_निपाणी
काळाकोट, एक राहिलं. मामांनी त्या खराब लॉटच्या बिलावरचं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, घेतलंय का? आमच्या वेळी जीएसटी नव्हता, पण आता वादीचे वकील पहिलं तेच काढतात म्हणे.

शहापूरकर_भाचा
घेतलंय. सगळ्या बिलांचं. सीए म्हणतो १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते उलटवायला हवं होतं, उलटवलं नाही. आता उलटवू का?

काळाकोट_टिळकवाडी
क्रेडिट घेतलं म्हणजे माल मिळाला हे मान्य, आणि ते आपण नाकारतच नाही. माल मिळाला, खराब निघाला, ही आपली बाजू. उलटवायचं ते करासाठी व्याजासकट उलटवा, सीएच्या सल्ल्याने. पण ते खराब लॉटचा पुरावा म्हणून जोडू नका. नोंद दाव्यानंतरची पडेल, आणि वादीचे वकील फक्त तारीख वाचून दाखवतील.